मेंदूच्या गाठीचे रेडिएशन आणि धातूचे नॅनोकण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोने, गॅडोलिनियम, हाफ्नियम अशा जड धातूंचे अतिसूक्ष्म कण गाठीत पोचवायचे आणि नेहमीच्याच शेकांचा, म्हणजे रेडिएशनचा, परिणाम तेवढ्या जागेपुरता वाढवायचा, अशी ही कल्पना आहे. त्याबद्दल रुग्णांचे नातेवाईक, एम.एस्सी.-पीएच.डी.चे विद्यार्थी आणि रेडिएशन विभागात नव्याने रुजू झालेले तंत्रज्ञ जे विचारतात ते इथे एकत्र केले आहे. प्रयोगशाळेचे आणि प्लॅनिंगचे प्रश्न घरच्यांनी वगळले तरी चालेल.

हा उपचार आज कुठे मिळतो का?

नेहमीचा उपचार म्हणून कुठेच नाही. मेंदूच्या गाठीत रेडिएशनचा परिणाम वाढवण्यासाठी धातूचा एकही नॅनोकण अजून मंजूर झालेला नाही. जे चालू आहे ते क्लिनिकल ट्रायलमध्ये.

गोंधळ होतो तो 'हेन्सिफाय'मुळे. हाफ्नियम ऑक्साइडच्या या कणांना एप्रिल २०१९ मध्ये युरोपात सीई मार्क, म्हणजे विक्रीची परवानगी, मिळाला, पण तो हातापायांच्या आणि धडाच्या भिंतीतल्या सॉफ्ट टिश्यू सार्कोमासाठी (स्नायू, चरबी अशा मऊ ऊतींचा कर्करोग). १८० रुग्णांच्या त्या चाचणीत कण सुईने थेट गाठीत टोचून रेडिएशन दिले आणि मग गाठ काढून तपासली. जिवंत कर्कपेशी ५ टक्क्यांहून कमी उरलेल्या रुग्णांचे प्रमाण कणांच्या गटात १६ टक्के होते, नुसत्या रेडिएशनच्या गटात ८. हा आकडा मेंदूला लावू नका. मांडीतल्या गाठीत सुई घालणे आणि कवटीच्या आत घालणे यांत फार फरक आहे, आणि मेंदूच्या गाठीला मांडीतल्या गाठीसारखी स्पष्ट कडही नसते.

धातू असल्याने नेमके काय होते?

कमी ऊर्जेचे क्ष-किरण अणूवर आदळले की आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन उडवतात. असे होण्याची शक्यता अणुक्रमांकाच्या साधारण तिसऱ्या ते चौथ्या घाताने वाढते. शरीरातल्या मऊ ऊतींचा सरासरी अणुक्रमांक ७ ते ८ च्या दरम्यान. गॅडोलिनियमचा ६४, हाफ्नियमचा ७२, सोन्याचा ७९. म्हणून ५० केईव्हीच्या (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, किरणांच्या ऊर्जेचे माप) आसपास एक ग्रॅम सोने एक ग्रॅम पाण्याच्या सुमारे १५० पट ऊर्जा शोषते. आतली जागा रिकामी झाली की वरचे इलेक्ट्रॉन खाली येतात आणि ती उरलेली ऊर्जा घेऊन ऑजे इलेक्ट्रॉनांचा सडा बाहेर पडतो. त्यांतले बहुतेक एक मायक्रोमीटरसुद्धा जात नाहीत. पेशी १० ते २० मायक्रोमीटरची. म्हणजे नासधूस कणाच्या अगदी शेजारी होते, आणि कण पेशीच्या आत आहे की बाहेर, याने बराच फरक पडतो.

पण लायनॅक, म्हणजे शेक देण्याचे नेहमीचे यंत्र, तर ६ एमव्हीचे (६० लाख व्होल्टचे) असते. मग?

इथेच बहुतेक उत्साही लेख घसरतात. ६ एमव्ही बीममधल्या फोटॉनांची (किरणांच्या कणांची) सरासरी ऊर्जा २ एमईव्हीच्या (२,००० केईव्हीच्या) आसपास असते. तिथे कॉम्प्टन विकिरणाचे (फोटॉन इलेक्ट्रॉनला ढकलून दिशा बदलतो त्याचे) राज्य. त्याला अणुक्रमांकाचे फारसे पडलेले नसते. १ एमईव्हीला सोने पाण्याच्या जेमतेम दीड पटीच्या आतबाहेर शोषते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोंटे कार्लो गणितात (संगणकावर फोटॉनांच्या वाटा सोडतीने काढून केलेल्या) गाठीच्या दर ग्रॅममागे ७ मिलिग्रॅम सोने धरले, तर १४० केव्हीपीला (यंत्राचा कमाल व्होल्टेज, हजार व्होल्टमध्ये) डोस दुपटीहून वाढला. ४ आणि ६ एमव्हीला मात्र ७ ते ३० मिलिग्रॅम धरूनही वाढ १ ते ७ टक्के.

तरीही पेशींवरच्या प्रयोगांत मेगाव्होल्टेज बीमखाली गणितापेक्षा जास्त परिणाम दिसतो. कणाच्या पृष्ठभागाशी तयार होणारे ऑक्सिजनचे मूलक, मायटोकॉन्ड्रियावरचा ताण, डीएनए दुरुस्तीत अडथळा अशी स्पष्टीकरणे दिली जातात. यांतले कुठले किती खरे, हे कणाचे आवरण आणि पेशीचा प्रकार बदलला की बदलते. 'सोने रेडिएशनला कित्येक पट ताकद देते' असे विधान दिसले की पहिला प्रश्न विचारा: कोणत्या ऊर्जेला?

मग सरळ कमी ऊर्जेचे किरण का वापरत नाहीत?

कवटीमुळे. १०० केईव्हीचे किरण पाण्यात सुमारे ४ सेंटिमीटरवर निम्मे होतात. खोल गाठीला पुरेसा डोस द्यायचा तर कातडी आणि हाड भाजून निघेल. शिवाय हाडातले कॅल्शियमही या ऊर्जेला मऊ ऊतीच्या अनेक पट शोषते. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर (अतितीव्र क्ष-किरण देणारे इमारतीएवढे यंत्र) यातून मार्ग काढण्याचा प्रयत्न झाला: एकाच ऊर्जेचे किरण, वेगवेगळ्या दिशांनी, आणि शिरेतून आयोडीनचा कॉन्ट्रास्ट. २०१२ मध्ये तिथे मेंदूतल्या मेटास्टॅसिसच्या (दुसऱ्या अवयवातून पसरून आलेल्या गाठींच्या) रुग्णांवर चाचणी सुरू झाली. भौतिकशास्त्र म्हणून सुंदर, पण सिंक्रोट्रॉन जिल्हा रुग्णालयात बसवता येत नाही.

उंदरांवरचे निकाल इतके चांगले होते, मग वीस वर्षे का लागत आहेत?

२००४ च्या गाजलेल्या प्रयोगात स्तनकर्करोगाची गाठ असलेल्या उंदरांना १.९ नॅनोमीटरचे सोन्याचे कण शिरेतून दिले आणि २५० केव्हीपीचे २६ ग्रे (डोसचे एकक) रेडिएशन दिले. वर्षभराने ८६ टक्के उंदीर जिवंत होते. नुसत्या रेडिएशनच्या गटात २० टक्के. मात्र सोन्याची मात्रा होती किलोमागे २.७ ग्रॅम. ६० किलोच्या माणसाला सरळ गुणाकाराने १६२ ग्रॅम, म्हणजे सराफाच्या भाषेत सोळा तोळे, शिरेतून! शरीराच्या पृष्ठफळानुसार उंदराची मात्रा माणसाला लावताना १२.३ ने भागतात. तसे केले तरी १३ ग्रॅम. त्यात ऊर्जा किलोव्होल्टेज, गाठ मांडीत, डोस एकाच बैठकीत. यातली एकही गोष्ट माणसाच्या मेंदूच्या नेहमीच्या उपचाराशी जुळत नाही.

माणसाच्या मेंदूत आजवर काय करून पाहिले आहे?

सर्वांत पुढे गेलेला कण म्हणजे फ्रान्समध्ये, ल्योंच्या विद्यापीठात तयार झालेला 'अ‍ॅग्विक्स'. पॉलिसिलॉक्सेनचा गाभा आणि त्याला चिमट्यासारख्या रेणूंनी धरलेले गॅडोलिनियम. आकार ५ नॅनोमीटरच्या आसपास. ग्रेनोबलच्या विद्यापीठ रुग्णालयात 'नॅनो-रॅड' या पहिल्या टप्प्यातल्या चाचणीत मेंदूत अनेक मेटास्टॅसिस असलेल्या १५ रुग्णांना किलोमागे १५, ३०, ५०, ७५ आणि १०० मिलिग्रॅम अशा चढत्या मात्रा दिल्या. पहिल्या शेकाच्या चार तास आधी एक इंजेक्शन, मग संपूर्ण मेंदूला १० बैठकांत ३० ग्रे. मात्रा थांबवावी लागेल अशी विषबाधा दिसली नाही. मूल्यमापन करता आलेल्या १४ पैकी १३ जणांच्या गाठी स्थिर राहिल्या किंवा लहान झाल्या.

हा शेवटचा आकडा बातम्यांत सगळीकडे फिरतो. त्या चाचणीत तुलनेचा गट नव्हता आणि संपूर्ण मेंदूच्या नुसत्या रेडिएशननेही अनेक गाठी काही महिने थोपतात. म्हणूनच नंतर १०० रुग्णांसाठी, दोन गटांत चिठ्ठी टाकून विभागणी करणारी 'नॅनोरॅड-२' आखली गेली. अमेरिकेत बोस्टनला स्टिरिओटॅक्टिक (फक्त गाठीवर अचूक नेम धरून दिलेल्या) रेडिएशनबरोबर, तर फ्रान्समध्ये क्लेरमाँ-फेराँला नव्याने निदान झालेल्या ग्लायोब्लास्टोमात (मेंदूतच उगवणारी आक्रमक गाठ) नेहमीच्या केमो-रेडिएशनबरोबर हाच कण तपासायला घेतला.

सोन्याच्या बाजूने एक वेगळा पुरावा आहे. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात ग्लायोब्लास्टोमाच्या ८ रुग्णांना शस्त्रक्रियेआधी १३ नॅनोमीटरच्या सोन्याभोवती आरएनए गुंफलेले कण शिरेतून दिले आणि काढलेल्या गाठीत सोने सापडले. निकाल २०२१ मध्ये आले. हेतू जनुक गप्प करण्याचा होता, रेडिएशन वाढवण्याचा नाही. शिरेतून दिलेला कण गाठीपर्यंत जातो, एवढेच त्यातून घ्यावे.

आधी मेटास्टॅसिसवरच का? ग्लायोब्लास्टोमाला गरज जास्त नाही का?

गरज निश्चित जास्त आहे. २००५ पासून रूढ असलेल्या उपचारात ३० बैठकांत ६० ग्रे आणि सोबत रोज टेमोझोलोमाइड हे केमोचे औषध देतात. त्या मूळ चाचणीत मध्यक आयुष्य १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेले, त्यापुढे फारसे नाही.

अडचण रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या पडद्याची आहे. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की नॅनोकण सोडाच, बहुतेक औषधांचे साधे रेणूही पलीकडे जात नाहीत. गाठीत हा पडदा फाटलेला, गळका असतो. एमआरआयमध्ये कॉन्ट्रास्ट दिल्यावर गाठ पांढरी चमकते ती याच गळतीमुळे, आणि कणही त्याच गळतीतून आत शिरतात. म्हणून ढोबळ नियम असा: जिथे कॉन्ट्रास्ट चमकतो तिथे कण पोचण्याची आशा आहे.

मेटास्टॅसिसची गाठ बहुधा गोल, सीमा ठळक, सगळी चमकणारी. ग्लायोब्लास्टोमाचे तसे नाही. त्याच्या पेशी मज्जातंतूंच्या वाटेने चमकणाऱ्या कडेच्या बाहेर पसरलेल्या असतात. तिथे पडदा शाबूत असतो आणि एमआरआयला तो भाग निरोगी किंवा नुसता सुजलेला दिसतो. रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट दिसणाऱ्या गाठीभोवती दीड-दोन सेंटिमीटरची पट्टी घेतात ती याच पेशींसाठी, आणि आजार उलटतो तोही बहुतेक वेळा तिथेच. चमकणारा भाग तर सर्जनने शक्य तेवढा आधीच काढलेला असतो. म्हणजे ज्या पेशी मारायला कण हवे आहेत, नेमक्या त्यांच्याच दारात कण जात नाहीत. आमच्या मते या विषयातला खरा प्रश्न हाच आहे. कोणता धातू चांगला हा वाद त्यामानाने दुय्यम.

यावर उपाय शोधणे चालू आहे. सूक्ष्म बुडबुडे शिरेत सोडून केंद्रित अल्ट्रासाउंडने पडदा काही तासांपुरता सैल करणे, कणांवर ट्रान्सफेरिनसारखी (रक्तात लोह वाहणारे प्रथिन) 'ओळखपत्रे' लावणे, किंवा बारीक कॅथेटरमधून थेट मेंदूत मंद गतीने द्रव सोडणे. पहिला उपाय माणसांत औषधांसाठी वापरून पाहिला आहे. तिसऱ्यात द्रव कॅथेटरच्याच बाजूने मागे उलटतो, ही जुनी डोकेदुखी.

स्टेरॉइडने कणांचे काम बिघडते का?

डेक्सामेथासोन सूज उतरवते ते पडद्याची गळती कमी करूनच, त्यामुळे कणांचा शिरकावही कमी होऊ शकतो. गाठीच्या रक्तवाहिन्या रोखणाऱ्या बेव्हॅसिझुमॅबचा परिणाम याहून मोठा. म्हणून ट्रायलमध्ये स्टेरॉइडची मात्रा स्थिर आहे का हे पाहतात. पण ट्रायलसाठी आपल्या मनाने स्टेरॉइड कमी करू नका: एकदम बंद केल्यास सूज उसळते, आणि दीर्घकाळ घेतलेले असेल तर अ‍ॅड्रिनल ग्रंथी सुस्तावलेल्या असतात.

कण देण्याच्या दिवशी प्रत्यक्ष काय करतात?

'नॅनो-रॅड'चा क्रम धरून सांगतो. आधी रक्ततपासणी: क्रिएटिनिन, ईजीएफआर (दोन्ही किडनीचे काम दाखवणारे आकडे), लिव्हरच्या चाचण्या. कण कोरड्या भुकटीच्या रूपात कुपीत असतात. इंजेक्शनच्या पाण्यात मिसळून १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर द्रावण करतात. ६० किलोच्या रुग्णाला किलोमागे १०० मिलिग्रॅम म्हणजे ६ ग्रॅम, म्हणजे ६० मिलिलिटर. एवढे द्रावण शिरेतून सावकाश देतात. दोन तासांनी एमआरआय: टी-१ मॅपवरून गाठीत किती पोचले ते मोजता येते. गॅडोलिनियमचा हा मोठा फायदा, औषध स्वतःच आपला पत्ता सांगते. मेटास्टॅसिसमध्ये लिटरमागे ८ ते ६३ मिलिग्रॅम सापडले. चौथ्या तासाला मास्क लावून पहिला शेक. पुढचे शेक नेहमीसारखे. खोलीतला वेळही तेवढाच.

बिघडते कुठे? वजन जुने लिहिलेले असते आणि मात्रा चुकते. एमआरआयला उशीर झाला तर रक्तातली पातळी उतरते (अर्धायुष्य तास-सव्वा तासाच्या घरात) आणि मोजमापाची तुलना होत नाही. आदल्या दिवशी दुसऱ्या तपासणीसाठी साधा गॅडोलिनियम कॉन्ट्रास्ट दिला असेल तर चमक नेमकी कशाची, हा घोळ होतो.

कण शरीरातून बाहेर जातात का?

आकारावर अवलंबून आहे. साधारण ५.५ नॅनोमीटरपेक्षा लहान कण किडनीतून गाळले जाऊन लघवीवाटे जातात. अ‍ॅग्विक्स याच वाटेने जातो. मोठे कण यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी गिळतात आणि सोने तिथे महिनोन्महिने राहते. लहान कण लवकर निघून जातो म्हणजे गाठीत जमायलाही त्याला वेळ कमी मिळतो. ही ओढाताण अटळ आहे.

गॅडोलिनियमच्या बाबतीत किडनी अशक्त असेल तर वेगळी भीती असते: सुटा झालेला गॅडोलिनियम विषारी आहे, आणि ईजीएफआर ३० च्या खाली असलेल्यांत जुन्या, सैल पकडीच्या कॉन्ट्रास्टमुळे कातडी घट्ट होण्याचा गंभीर आजार झाल्याचे २००६ पासून माहीत आहे.

नंतर एमआरआय करता येतो ना?

सोने आणि गॅडोलिनियमनंतर, हो. लोहकणांची गोष्ट वेगळी. जर्मनीतल्या एका पद्धतीत लोह ऑक्साइडचे कण गाठीत टोचून बदलत्या चुंबकीय क्षेत्राने ते तापवत आणि जोडीला रेडिएशन देत. ५९ रुग्णांचा तो अभ्यास २०११ चा. तिथे कणांमुळे एमआरआयवर काळा डाग पडे, म्हणून पुढची तपासणी सीटीवर. शिवाय दातांतली धातूची फिलिंग आणि कॅप आधी काढाव्या लागत. ही पद्धत आणणारी कंपनी २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली.

सुवर्णभस्म घेतले तर हाच फायदा मिळेल का?

नाही. भस्माची मात्रा मिलिग्रॅममध्ये, तीही पोटातून; धातुरूप सोने आतड्यातून रक्तात जवळजवळ उतरत नाही, आणि जे उतरेल त्याचे कण एकमेकांना चिकटलेले, आकाराने बेभरवशाचे. ऑनलाइन विकले जाणारे 'कोलॉइडल गोल्ड' आणि 'कोलॉइडल सिल्व्हर' यांनाही हेच उत्तर. चांदीने तर कातडी कायमची निळसर-राखाडी पडते. असे काही चालू असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. ते रागावतील म्हणून नव्हे, तर केमोच्या काळात लिव्हरच्या चाचण्या बिघडल्या की दोष कशाचा हे शोधता यावे म्हणून.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत सोन्याचे कण करायचे आहेत. चुका कुठे होतात?

सिट्रेटची पद्धत घ्या: १ मिलिमोलर क्लोरोऑरिक आम्लाचे १०० मिलिलिटर द्रावण जोरात ढवळत उकळवा, त्यात ३८.८ मिलिमोलर ट्रायसोडियम सिट्रेटचे १० मिलिलिटर एकदम ओता. पिवळा रंग जाऊन काळपट, मग वाइनसारखा लाल. १० मिनिटे उकळत ठेवून थंड करा. कण सुमारे १३ नॅनोमीटर, शोषणाचे शिखर ५२० नॅनोमीटरच्या जवळ.

लाल न होता जांभळे झाले तर काच अस्वच्छ आहे. भांडी अ‍ॅक्वा रेजियाने धुवून, भरपूर शुद्ध पाण्याने खळबळून घ्या (फ्यूम हूडमध्ये, झाकण घट्ट लावून ठेवू नका, वायू साठतो). सोन्याच्या क्षारात स्टीलचा चमचा बुडवला तर तिथेच सोने बसते. सिट्रेटचे कण सलाइनमध्ये टाकले की क्षणात निळे पडून गोळा होतात, कारण मिठाने त्यांच्यातले विद्युत प्रतिकर्षण झाकले जाते. पेशींच्या माध्यमात घालण्याआधी थायॉल-पेगचे आवरण द्यावेच लागते.

पेशींच्या चाचणीत सर्वांत मोठी फसगत एमटीटीची (जिवंत पेशी रंग तयार करतात त्यावरची चाचणी). तिचा रंग ५७० नॅनोमीटरला वाचतात आणि सोने तिथेही शोषते, त्यामुळे मेलेल्या पेशी जिवंत वाटतात. वसाहती मोजणारी क्लोनोजेनिक चाचणीच करा. चार गट हवेत: काहीच नाही, नुसते कण, नुसते किरण, दोन्ही. 'नुसते कण' या गटातच पेशी मरत असतील तर तुम्ही विषबाधा मोजता आहात. पेशीत गेलेले सोने आयसीपी-एमएसने (धातूचे अत्यल्प प्रमाण मोजणारे यंत्र) मोजा. माध्यमात किती घातले हा आकडा पुरत नाही. आणि किलोव्होल्टेज यंत्राचा व्होल्टेज आणि फिल्टर लिहिल्याशिवाय निकाल छापू नका, कारण त्याशिवाय तो कोणालाच पडताळता येणार नाही.

टीपीएसमध्ये (डोसचे प्लॅनिंग करणारी संगणक प्रणाली) कणांसाठी डोस बदलायचा का?

नाही. लिटरमागे ६३ मिलिग्रॅम म्हणजे ग्रॅममागे ०.०६ मिलिग्रॅम, वरच्या गणितातल्या ७ मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागाहूनही कमी, आणि त्यातही गॅडोलिनियम हा एक हिस्साच. मेगाव्होल्टेजला ढोबळ डोस हललेला दिसणारच नाही. परिणाम असलाच तर तो नॅनोमीटरच्या पातळीवर आणि जैविक आहे, आणि तो टीपीएसला कळत नाही. म्हणून ट्रायलमध्ये नेहमीचा डोस नेहमीसारखाच लिहितात. कणांच्या भरवशावर तो कमी करत नाहीत.

प्रोटॉनबरोबर कण चालतील का?

खारघरला टाटा मेमोरियलच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये प्रोटॉन उपचार सुरू झाल्यापासून हा प्रश्न वाढला आहे. प्रोटॉन अणूशी वेगळ्या रीतीने भिडतो, त्यामुळे अणुक्रमांकाचे ते घाताचे गणित इथे लागत नाही. प्रयोगशाळेतले निकाल एकमेकांशी जुळत नाहीत.

ट्रायलमध्ये जायचे असेल तर काय तपासावे?

भारतातली प्रत्येक क्लिनिकल ट्रायल सीटीआरआयवर (ट्रायलची राष्ट्रीय नोंदवही) नोंदलेली असावी लागते; २००९ पासून ते बंधनकारक आहे. नोंदणी क्रमांक मागा आणि संकेतस्थळावर स्वतः शोधा. नैतिकता समितीची मंजुरी, मराठीतले संमतिपत्र आणि इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाईचा उल्लेख पाहा. प्रयोगातल्या औषधाचे पैसे कोणी मागत असेल तर तिथून उठा. 'नॅनो' शब्द लावून पॅकेज विकणारे दवाखाने ट्रायल करत नसतात.

सोबत कोणते कागद न्यायचे?

पॅथॉलॉजीचा पूर्ण अहवाल, त्यात आयडीएच आणि एमजीएमटी या जनुक-तपासण्यांची नोंद. बायोप्सीचे ब्लॉक कुठे ठेवले आहेत तेही विचारून ठेवा. एमआरआयची सीडी, फिल्म नव्हे. अलीकडचे क्रिएटिनिन, आजचे वजन, स्टेरॉइड आणि फिटच्या गोळ्यांची मात्रा. आधी शेक झाले असतील तर एकूण ग्रे, बैठका आणि तारखा असलेला सारांश, आणि शक्य असल्यास डायकॉम-आरटी फाइल (जुन्या शेकांच्या प्लॅनची संगणकीय नोंद). जुन्या डोसवर नवा डोस कुठे चढतो हे त्या फाइलशिवाय सांगता येत नाही, आणि जुन्या सेंटरमधून ती मिळायला आठवडा सहज जातो, तेव्हा अर्ज आधीच देऊन ठेवा.